शब्दांची सौदागरी

पिंपळे सौदागर हे पवनेकाठचे जुने खेडे. हिंजवडीच्या संगणक-उद्योगामुळे आज ते उंच इमारतींनी भरून गेले आहे. अशा उपनगरांतील उपाहारगृहांच्या पदार्थसूचीत आता ‘मेझे’, ‘दोल्मा’ अशी ग्रीक-तुर्की नावे दिसू लागली आहेत. ती वाचून कोणी कौतुक करतो, तर कोणी मराठीवर आणखी एक आक्रमण झाले म्हणून नाक मुरडतो. या शब्दांशी आपले पूर्वी काही नाते नव्हते, ही समजूत मात्र दोघांचीही असते. ती तपासून पाहण्याजोगी आहे.

लहान लहान बशांतून येणारे चटकदार पदार्थ म्हणजे ‘मेझे’. तुर्कांनी हा शब्द फारसीतून घेतला. फारसीत ‘मझा’ म्हणजे चव. तुर्कीतून तो ग्रीकांकडे जाऊन ‘मेझेस’ झाला आणि फारसीतूनच इकडे येऊन मराठीत ‘मजा’ झाला. तिकडे तो बशीतच राहिला. आपल्याकडे त्याने ताट सोडून सारे जीवन व्यापले. मेझेबरोबर घेतल्या जाणाऱ्या ‘राकी’ या मद्याचे नाव अरबी ‘अरक’पासून आले. त्याचा मूळ अर्थ घाम. आपला ‘अर्क’ही तिथलाच. ‘कोफ्ता’ म्हणजे फारसीत कुटलेले. तुर्कांचे ‘कोफ्ते’ आणि ग्रीकांचे ‘केफ्तेस’ त्याचेच भाऊबंद. ‘दोल्मा’ मात्र अस्सल तुर्की. त्याचा अर्थ ‘भरलेले’. आपल्या भरल्या वांग्याच्या नावामागे हीच कल्पना आहे.

ग्रीस आणि तुर्कस्तान यांचे वैर सर्वश्रुत आहे. १९२३ च्या करारानुसार सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात गेले. १९७४ च्या सायप्रस संघर्षानंतर ग्रीसमध्ये ‘तुर्की कॉफी’ ही ‘ग्रीक कॉफी’ म्हणवली जाऊ लागली. विशेषण बदलले, पण ‘मेझेस’ आणि ‘केफ्तेस’ यांना कोणी हद्दपार करू शकले नाही. माणसांची अदलाबदल करता येते. जिभेवर रुळलेल्या शब्दांची करता येत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न जुनाच आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. स्वतःचे राज्य स्वतःच्या भाषेत चालावे, ही त्यामागील आकांक्षा सर्वथा योग्य होती. परंतु बोलीत मुरलेले शब्द राहिलेच. १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन हेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, ही गोष्ट बोलकी आहे. परक्या शब्दांचा हिशेब मांडणे आणि आपल्या शब्दांची काळजी वाहणे यांत विरोध नाही.

तेव्हा भीती बाळगायची ती ‘मेझे’ची नव्हे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर कच्चा माल आयात करून त्यावर घरी प्रक्रिया करणे हा फायद्याचा व्यवहार होय. मराठीने ‘मजा’ घेतली आणि तिच्यापासून ‘मजेशीर’, ‘मौजमजा’ असे शब्द घडवले. उलट, ‘स्टार्टर’ हा शब्द आपण तयार मालासारखा जसाच्या तसा वापरतो आणि घरचा माल कोठारात कुजत ठेवतो. वस्तुतः तो शब्द आपल्या जेवणाला लागूही पडत नाही. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, लोणचे आधी येऊन संपत नाहीत. ती शेवटच्या घासापर्यंत सोबत करतात. म्हणून त्यांना ‘तोंडीलावणे’ म्हणतात. मेझेही प्रस्तावनेपुरते नसते. गप्पा रंगतील तोवर ते पुरवून पुरवून खाल्ले जाते. म्हणजे ‘मेझे’ला ‘स्टार्टर’पेक्षा ‘तोंडीलावणे’च अधिक जवळचे आहे. हा शब्द नव्या पिढीच्या तोंडून गेला, तर त्याबरोबर आपली जेवणाची एक रीतही विस्मरणात जाईल.

शिक्षकांनी वर्गात अशा चार शब्दांची कुळी उलगडून दाखवली, तर मुलांचा परक्या शब्दांविषयीचा आकस आणि स्वभाषेविषयीचा संकोच दोन्ही कमी होतील. उपाहारगृहांनीही देवनागरी पदार्थसूचीत ‘मेझे’ अवश्य लिहावे; त्या सदराचे शीर्षक मात्र ‘तोंडीलावणी’ असावे. ज्या गावाच्या नावात मराठी पिंपळाशेजारी फारसी ‘सौदागर’ नांदतो आहे, तिथे ही देवघेव अवघड वाटू नये.