भट्टीतला खारा जिन्नस : चव आणि हिशेब

मराठी माणूस पिरियापट्टणच्या बेकरीत प्रथमच शिरून ‘खारा बन’ मागतो, तेव्हा त्याची थोडी फसगत होते. मराठीत खारे म्हणजे मिठाचे. कन्नडमध्ये ‘खार’ म्हणजे तिखट. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कढीपत्ता कणकेतच मळलेला तो मऊ बन पहिल्या घासाला निरुपद्रवी वाटतो. दुसऱ्या घासाला पाण्याची आठवण होते. खारा बिस्किटाचीही तीच तऱ्हा. आपल्याकडची खारी मात्र नावाप्रमाणे खारटच, आणि तिची मजा चवीपेक्षा पदरांत अधिक.

मैसूर–मडिकेरी मार्गावरचे हे तालुक्याचे गाव व्हर्जिनिया तंबाखूसाठी ओळखले जाते. याच तालुक्यात बैलकुप्पे ही तिबेटी वसाहत आहे, त्यामुळे प्रवाशांची वर्दळही असते. मात्र येथील बेकरीचे मूळ शोधायचे तर शेजारच्या हासन जिल्ह्याकडे पाहावे लागते. अय्यंगार बेकऱ्यांचा धंदा उभारणारी अनेक कुटुंबे त्या जिल्ह्यातली. एच. एस. तिरुमलाचार यांनी १८९८ साली बेंगळुरूच्या चिकपेठेत सुरू केलेली ‘बी. बी. बेकरी’ ही या परंपरेतील आद्य मानली जाते. अंडे न वापरण्याच्या प्रथेमुळे सोवळ्यातल्या घरांतही पाव-बिस्किटांना वाट मिळाली. पुढे हीच पाटी महाराष्ट्रात आली. आज पुण्या-मुंबईतच नव्हे, तर लहान शहरांतही ‘अय्यंगार बेकरी’ आढळते, आणि गिऱ्हाईक तेथे खारी, टोस्ट व पॅटिस इतक्या सहजपणे मागते, की हे दुकान दक्षिणेकडून आले हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

हे जिन्नस स्वस्त का पडतात? उत्तर भट्टीत आहे. विटांची भट्टी एकदा लाकडाने तापवली, की निखारे बाजूला सारले तरी तापलेल्या विटा कित्येक तास काम करीत राहतात. चढत्या आचेवर पाव आणि बन, आच उतरू लागली की बिस्किटे, आणि निवत चाललेल्या भट्टीत रात्रभर टोस्ट. एकाच जळणात तीन-चार माल निघतात. तळणाच्या कढईला ही सोय नाही. विस्तव मालवला की तिचे काम थांबते. विजेच्या वा गॅसच्या भट्टीत धूर नाही, आच हवी तशी राखता येते. परंतु रात्रीची ती फुकटची ऊब तेथे मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला, तेव्हा बेकरीवाल्यांना चिंता वाटली ती याच जमाखर्चाची.

गिऱ्हाइकाने वजनाचा हिशेबही जाणून घ्यावा. पावात सुमारे ३८ टक्के पाणी असते, टोस्टमध्ये जेमतेम ५ टक्के. म्हणजे एक किलो पाव वाळवून भाजला की साडेसहाशे ग्रॅमच टोस्ट हाती येतो. टोस्ट पावाहून महाग दिसतो, पण त्यात बेकरीवाल्याने पाणी विकलेले नसते! खारीचे उलटे आहे. मैद्याच्या पोळीत वनस्पती तूप घालून पुन्हापुन्हा घड्या घालतात. भट्टीत पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात आणि पुडा फुगतो. तेव्हा खारी नगावर किंवा पुड्यावर न घेता वजनावर घ्यावी. भाजलेली आहे म्हणून ती तेलकट नाही, हा समजही सोडावा. पदर सुटतात ते स्निग्धांशाच्या जिवावर. एक बरे झाले. तेला-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणण्यात आली आहे.

आता बेकरीवाल्याच्या बाजूने पाहू. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील अनेक छोट्या दुकानदारांना यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे जीएसटीच्या नोटिसा आल्या. बेकऱ्या आणि चहाची दुकाने त्यांत पुढे होती. काहींनी क्यूआर कोडच काढून टाकला आणि ‘फक्त रोख’ अशी पाटी लावली. नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केल्यावर वातावरण निवळले.

वस्तूंच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये आहे. आकडा मोठा वाटतो; प्रत्यक्षात तो दिवसाला अकरा हजारांहूनही थोडा कमी भरतो. बनाची किंमत दहा रुपये धरली, तर अकराशे बन. रस्त्यावरच्या चालत्या बेकरीला ही मजल अवघड नाही. शिवाय पाव करमुक्त असला, तरी बिस्किटांसारखा करपात्र मालही विकणाऱ्याच्या उलाढालीत पावाची विक्री धरली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असल्यास कंपोझिशन योजनेत साधारणतः १ टक्का कर भरून सुटका होते. मात्र तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. अकरा हजारांवर तो एकशे दहा रुपये, म्हणजे अकरा बन. नेहमीच्या पद्धतीने कर भरणाऱ्यांसाठी बिस्किटे व केक यांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

नोटिसा मिळालेल्यांपैकी अनेकांची अडचण विक्रीपेक्षा खात्याची होती. मुलाने पाठवलेले पैसे, मित्राने परत केलेली उसनवारी आणि बनाचे दहा रुपये एकाच बचत खात्यात जमा होत होते. त्यातले धंद्याचे कोणते, हे वर्षांनंतर सांगणे दुकानदारालाही जमेना. धंद्यासाठी चालू खाते निराळे उघडून दुकानातला क्यूआर कोड त्यालाच जोडावा. हेच खाते पुढे मुद्रा कर्जाच्या अर्जासोबत उलाढालीचा पुरावा म्हणून दाखवता येते, आणि नवी भट्टी घ्यायची तर तो पुरावा शाखेत मागितला जातोच.