एक ऑक्टोबरची वही

पहाटे ५.१०. आप्पांची कूस वळवली, डायपर बदलला, पाठीला पावडर लावली. अर्धांगवायूला तीन वर्षं होतील. रात्रीची बाई परवडत नाही, म्हणून ती ड्युटी माझी.

८.००. मावशी आल्या. ब्युरोला बारा तासांचे ८०० रुपये, म्हणजे महिन्याला २४,०००. मावशींच्या हाती रोजचे साडेसहाशेच पडतात.

९.३०. आज जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. आमच्याकडे मात्र हयातीच्या दाखल्याचा दिवस. बाकीच्या केंद्रीय पेन्शनरांचा नोव्हेंबर. ऐंशी पार केलेल्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. बोटांचे ठसे आता उमटत नाहीत, म्हणून मोबाइलला चेहरा दाखवायचा.

"आप्पा, डोळे मिटा."

मिटले, ते मिटूनच बसले.

"आता उघडा की!"

चौथ्या खेपेला आप्पा हयात ठरले.

रेल्वेत फिटर होते. ऐंशी पूर्ण होतात त्या महिन्यापासून मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला ३० टक्क्यांनी. आप्पांच्या २०,००० वर ४,००० आणि त्यावर महागाई भत्ता. पण आपोआप काही सुरू झालं नाही. बँकेच्या नोंदीत जन्मतारीखच नव्हती! सहा महिने खेटे घातले, तेव्हा थकबाकी आली. घरात केंद्राचा पेन्शनर असेल तर पेन्शनच्या आदेशावरची (पीपीओ) जन्मतारीख आजच बघून घ्या.

११.३०. पोस्टात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आप्पांचे १५ लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी. तिमाहीचे ३०,७५० जमा झाले, म्हणजे महिन्याला १०,२५०. मूळ पेन्शन घरखर्चात आणि औषधांत जाते. हे व्याज आणि ती वाढ मावशींची. उरलेले दादा नाशकाहून पाठवतो.

१.००. पेज भरवली. ठसका लागला, पाठ चोळली.

२.३०. शेजारचे काका डोकावले. "सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचे पाच लाख मिळतात ना गं?" मिळतात, पण रुग्णालयात भरती झाल्यावर. मेडिक्लेमचंही तेच. तिथल्या खाटेवर माणूस असेतो विमा उभा. तोच माणूस घरच्या खाटेवर आला की बाईचा पगार कुठल्याच रकान्यात बसत नाही.

४.००. दादाचा फोन. रिव्हर्स मॉर्टगेज बघू या का, म्हणाला. आप्पांच्या नावावरचा फ्लॅट बँकेकडे गहाण टाकायचा, बँक दरमहा पैसे देणार, त्यावर कर नाही, आप्पा आहेत तोवर फेडायचं नाही. नंतर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं, नाहीतर बँक विकणार. हे शेवटचं माझ्याकडून ऐकून दादा जरा गप्प झाला. मला विचाराल तर घर आप्पांचं आहे, आधी त्यांच्या उपयोगी पडू दे. वाटणीचं मागाहून.

६.००. वही लिहिली. मी नोकरी सोडली तेव्हा पगार ३२,००० होता. त्याला वहीत रकाना नाही. आखावा असं दादालाही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आजच सुचलं.

८.००. मावशी चपला घालताना सांगत होत्या, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, दिवसभर धाकटी नात शाळा बुडवून बघते. श्रावणबाळ योजनेचे पैसे येतात म्हणे. महिन्याला १,५००.

आमच्या वहीच्या हिशेबानं ते दोन दिवसांचेही होत नाहीत.