हॅलोवीन : सौजन्याने नकार कसा द्यावा?

ऑक्टोबर हा पवित्र मरियेच्या माळेचा महिना. तो सरत आला की अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटन या देशांतील दुकाने केशरी व काळ्या रंगांनी भरून जातात. घरांच्या पायऱ्यांवर कोरलेले लाल भोपळे मांडले जातात, कुंपणांवर कापडी भुते आणि प्लास्टिकचे सांगाडे लटकू लागतात. 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी नाना सोंगे घेतलेली मुले दारोदार फिरून मिठाई गोळा करतात. हाच हॅलोवीन.

वसई, मुंबई वा गोव्याहून त्या देशांत स्थायिक झालेल्या कॅथलिक कुटुंबांपुढे यानिमित्त दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. या उत्सवात आपल्या घराने भाग घ्यावा का? आणि घ्यावयाचा नसेल, तर शेजाऱ्यांचे मन न दुखवता तसे कसे सांगावे? ज्या घरात त्याच वर्षी मृत्यू झाला आहे, त्या घराला समोरच्या अंगणातील खोटी थडगी पाहणेही जड जाते. ज्या घरात लहान मूल आहे, तेथे दुसऱ्या दिवशी वर्गात एकटे पडण्याची त्याला वाटणारी भीती खरी असते. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलवर विचार करणे इष्ट ठरेल.

नाव ख्रिस्ती, रूप लौकिक

'हॅलोवीन' हा शब्द मुळात ख्रिस्ती आहे. 'सर्व पवित्र जनांच्या सणाची पूर्वसंध्या' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांचे ते संक्षिप्त रूप होय. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांच्या सन्मानार्थ एक प्रार्थनालय अर्पण केले. पुढे नवव्या शतकात पोप ग्रेगरी चौथे यांच्या काळात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण पश्चिम युरोपभर रूढ झाला. क्लुनी येथील मठाधिपती संत ओडिलो यांनी इसवी सन 1000 च्या सुमारास आपल्या मठांत 2 नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थनेचा म्हणून ठरवून दिला. पूर्वी 31 ऑक्टोबर हा उपवासासह पाळावयाचा जागरणदिन होता. पोप पायस बारावे यांच्या कारकिर्दीत, 1955 साली, उपासना दिनदर्शिकेतून तो वगळण्यात आला.

आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये याच सुमारास 'साविन' नावाचा हिवाळ्याच्या आरंभाचा प्राचीन सण असे. त्या रात्री परलोकाची दारे उघडतात, अशी लोकसमजूत होती. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरीब माणसे घरोघर जाऊन मृतांसाठी प्रार्थना करीत आणि त्याबदली त्यांना छोटे गोड पाव मिळत. 1845 नंतरच्या भीषण दुष्काळात असंख्य आयरिश कुटुंबे अमेरिकेत गेली आणि त्यांच्यासोबत त्यांच्या चालीरीतीही गेल्या. मायदेशी सलगम कोरून दिवा लावीत, तेथे त्याची जागा मोठ्या भोपळ्याने घेतली. मुलांनी मिठाई मागत फिरण्याची आजची पद्धत अमेरिकेत 1930 नंतर सर्वत्र पसरली. थोडक्यात, धर्म, लोकसमजूत आणि बाजारपेठ अशा तीन प्रवाहांचे पाणी येथे मिसळले आहे.

ख्रिस्तसभेची भूमिका

केवळ मुलांनी वेष करण्यावर किंवा मिठाई वाटण्यावर ख्रिस्तसभेने सार्वत्रिक बंदी घातलेली नाही. मात्र मृतांना आवाहन करणे, भविष्य पाहणे, जादूटोणा करणे या गोष्टी कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने परिच्छेद 2116 व 2117 मध्ये स्पष्टपणे निषिद्ध मानल्या आहेत. म्हणून मित्रमंडळींच्या मेजवानीत गंमत म्हणून आत्म्यांना बोलावण्याचा खेळ मांडला गेला, तर तेथे नकार देणे हे कर्तव्य ठरते. दारात आलेल्या मुलाला चॉकलेट द्यावे की नाही, हा मात्र ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे.

अशाच पेचात संत पौलाच्या काळातील करिंथ व रोम येथील भाविक सापडले होते. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही, यावर त्यांच्यात वाद होते. पौलाचा उपदेश दोन्ही बाजूंना होता. जो खातो त्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये आणि जो खात नाही त्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये (रोमकरांस पत्र, अध्याय 14). हॅलोवीनच्या बाबतीतही हाच मापदंड लावता येईल. भाग न घेणारे कुटुंब अधिक पवित्र ठरत नाही आणि भाग घेणारे कुटुंब आपोआप श्रद्धाहीन होत नाही.

नकाराचा पाया सत्यावर असावा

या सणाविषयी अनेक अफवा प्रचलित आहेत. 'साविन' हा मृत्यूचा देव होता, असे काही पत्रकांतून छापले जाते. वास्तविक ते सणाचेच नाव आहे. तसेच अनोळखी लोक मिठाईत विष घालतात, अशीही भीती घातली जाते. डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी 1958 पासूनच्या बातम्या तपासल्या. दारोदार मिळालेल्या मिठाईतून अनोळखी व्यक्तीने मूल मारल्याचे वा त्याला गंभीर इजा केल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना आढळले नाही. अशा अफवांचा आधार घेऊन नकार देणे म्हणजे नकळत शेजाऱ्यावर संशय घेणे होय. मृत्यूचा खेळ करणे आम्हाला रुचत नाही, लहान मुले घाबरतात, घरात दुखवटा आहे किंवा त्या संध्याकाळी आम्ही प्रार्थना करतो, ही कारणे खरी आहेत आणि तेवढी पुरेशी आहेत.

दाराशी काय करावे?

सुदैवाने या सणातच नकाराची सभ्य रीत आहे. अमेरिका व कॅनडात दारावरचा दिवा पेटलेला असणे म्हणजे 'या' आणि विझलेला असणे म्हणजे 'येथे नको', असा सर्वमान्य संकेत आहे. दारात कोरलेला भोपळा नसणे हीदेखील खूणच. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी पोलीस दलाकडून 'कृपया मिठाईसाठी दार वाजवू नये' अशा आशयाचे फलक मिळतात आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना त्यांचा विशेष उपयोग होतो. असा फलक घरी लिहावयाचा असल्यास दोन ओळी पुरेत. आज आमचा सहभाग नाही आणि सर्व मुलांना शुभेच्छा, एवढेच लिहावे. त्यावर दोषारोप करणारे वचन लिहू नये. दार वाजवणारे मूल वादविवादासाठी आलेले नसते.

संकेत न कळल्याने एखादे मूल आलेच, तर हसतमुखाने दोन शब्द बोलावेत. घरात काही खाऊ असल्यास तो देण्यानेही श्रद्धेस बाध येत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल आदरातिथ्याला असाच मोकळा वाव देतो. शेजाऱ्याने मेजवानीचे आमंत्रण दिल्यास वेळेवर उत्तर द्यावे, आभार मानावेत आणि त्याच आठवड्यात त्यांना आपल्या घरी चहाला बोलवावे. नकार सणाला आहे, शेजाऱ्याला नाही, हे अशा कृतीतूनच पटते.

शाळा आणि मूल

शाळेत वेषभूषेचा कार्यक्रम असेल, तर आयत्या वेळी मुलाला घरी ठेवण्यापेक्षा दोन-तीन आठवडे आधी वर्गशिक्षिकेशी बोलणे हिताचे. मुलाने सोंग न घेता वर्गात बसावे, चित्र काढावे वा वाचन करावे, अशी साधी विनंती करता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाशी आधी बोलणे. 'आपल्यात हे चालत नाही' एवढ्यावर मुलाचे समाधान होत नाही. आपल्या आजी-आजोबांची आठवण आपण या दिवसांत कशी करतो, हे त्याला सांगावे. वर्गमित्रांना पापी न म्हणता 'आमच्या घरी आम्ही वेगळे करतो' असे सांगता येईल इतका आत्मविश्वास त्याला द्यावा.

रिकामी संध्याकाळ ठेवू नये

केवळ दिवा मालवून अंधारात बसणे मुलांना शिक्षेसारखे वाटते. म्हणून त्या संध्याकाळी काहीतरी आनंदाचे घडावे. सर्व संतांच्या सणाचे पूर्वसंध्येचे पवित्र मिस्साबलिदान बहुधा याच वेळी असते. अमेरिकेत 1 नोव्हेंबर हा बंधनकारक सण आहे, मात्र तो शनिवारी वा सोमवारी आल्यास हे बंधन नसते. पॅरिस येथे 2002 साली 'होलीविन्स' हा उपक्रम सुरू झाला. त्यात मुले भुतांऐवजी संतांचे वेष करतात आणि मिळून गातात, खेळतात. हीच कल्पना घरीही राबवता येते. प्रत्येकाने आपल्या नामधारक संताची गोष्ट सांगावी आणि नंतर एकत्र गोड जेवण व्हावे.

पुढील दोन दिवस तर आपल्या परंपरेचा ठेवाच आहेत. 2 नोव्हेंबरला वसईच्या दफनभूमीत कबरींवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात आणि कुटुंबे एकत्र प्रार्थना करतात. परदेशात आप्तांची कबर जवळ नसते. तरीही आपल्या धर्मग्रामाच्या दफनभूमीत जाऊन, जिची विचारपूस करणारे कुणी उरलेले नाही अशा एखाद्या कबरीपाशी मेणबत्ती लावता येईल. 1 ते 8 नोव्हेंबर या काळात दफनभूमीस भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यास, नेहमीच्या अटी पाळल्यास, शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी पूर्ण दंडमाफी मिळवता येते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

मृत्यूची भीती घालवण्यासाठी जग त्याचे सोंग आणते. ख्रिस्ती माणूस मृतांची नावे घेऊन प्रार्थना करतो, कारण प्रभू येशूच्या पुनरुत्थानामुळे ती नाती तुटलेली नाहीत. आपल्या मुलांना हे समजले, तर दारावरचा दिवा त्या रात्री लावला की मालवला, याला फारसे महत्त्व उरणार नाही.