तर्री, खार आणि रामेन

यवतमाळात रामेन कुठे मिळेल, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. किराणा दुकानदार फडताळावरून पाकीट काढून देतो आणि कॉलेजातली पोरं मोमोच्या गाडीकडे बोट दाखवतात. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. वाडग्यातलं रामेन मात्र दत्त चौकाच्या आसपास मला सापडलं नाही, वणी-पुसदकडेही नाही. मेनू कार्डावर ते छापलेलं असलं, तरी येणारा पदार्थ म्हणजे पातळ केलेल्या हक्का नूडल्स.

आधी पाकिटाचं बघू, कारण आपल्याकडे रामेन पाकिटातूनच आलं. तैवानात जन्मलेल्या मोमोफुकू आंदो यांनी जपानमध्ये २५ ऑगस्ट १९५८ रोजी तळून वाळवलेल्या नूडल्स बाजारात आणल्या. नाव होतं ‘चिकिन रामेन’. गरम पाणी ओतायचं आणि थोडा वेळ झाकून ठेवायचं, एवढाच खटाटोप. आपल्याकडे १९८३ मध्ये मॅगी आली, १९९१ मध्ये आंदोंच्याच निस्सिन कंपनीचं ‘टॉप रामेन’ आलं. म्हणजे ज्या पदार्थाची नक्कल म्हणून पाकीट निघालं, तो मूळ पदार्थ न चाखताच आपल्या दोन पिढ्या त्या पाकिटावर वाढल्या. आता तालुक्याच्या गावीही लालभडक कोरियन पाकिटं लटकलेली दिसतात. ती खाऊन घामाघूम होणाऱ्या पोरांना वऱ्हाडी ठेचा तिखट लागतो, हे मात्र मला कोडंच आहे.

मूळ पदार्थाची कुळकथाही सरळ नाही. रामेन जपानचं म्हणून जगभर ओळखलं जातं, पण खुद्द जपानी माणसं कितीतरी वर्षं त्याला चिनीच समजत. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० मध्ये ‘राइराइकेन’ नावाची खानावळ निघाली. तिचा मालक ओझाकी हा योकोहामाच्या जकात खात्यातला माजी नोकर, आणि आचारी योकोहामाच्या चिनी वस्तीतले. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे कामगार आणि नाटक-सिनेमाला आलेली गर्दी. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई झाली, अमेरिकेचा गहू येऊ लागला आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर हे गव्हाचं खाणं फोफावलं. बाहेरच्या गव्हावर आणि मिलो ज्वारीवर दिवस काढणं १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना नवं नाही. फरक इतकाच, की मिलोची आपण फक्त भाकरी केली आणि शिव्या दिल्या.

ग्योझा या मोमोच्या जपानी भावंडाचंही तसंच. चीनमधलं जियाओझी जपानी सैनिकांनी आणि वसाहतवाल्यांनी मांचुरियात खाल्लं. १९४५ च्या पराभवानंतर परतलेल्या या माणसांनी पोटासाठी तेच विकायला सुरुवात केली. मांचुरियात गेलेल्या एका लष्करी तुकडीचा तळ जपानच्या उत्सुनोमिया शहरात होता. आज ते शहर ग्योझासाठी प्रसिद्ध आहे, आणि ग्योझावर जास्त खर्च कोण करतं यावरून त्याची हामामात्सुशी दरवर्षी चुरस चालते. म्हणजे खरोखर मांचुरियातून आलेला पदार्थ ग्योझा. आपल्या गाडीवरच्या मंचुरियनला मांचुरियाचा वाराही लागलेला नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी ते १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात घडवलं.

आता गाडीकडे येऊ. संध्याकाळी गाडी लागते तेव्हा नूडल्स आधीच उकडलेल्या असतात. तेलाचा हात फिरवून त्यांचा ढीग परातीत ठेवलेला असतो, वर फडकं. ऑर्डर आली की भट्टी भडकते, कढईत कोबी, सिमला मिरची, मूठभर नूडल्स, तीन बाटल्यांतून तीन शिंतोडे, चिमूटभर अजिनोमोटो, झाऱ्याचे चार फटके, आणि प्लेट पुढ्यात. कौशल्य आहे, नाही कोण म्हणतो? पण ते आचेचं कौशल्य आहे, रश्श्याचं नाही. मंचाव सूप मागवा. दाटपणा कॉर्नफ्लोअरचा, रंग सोया सॉसचा, वरचा कुरकुरीतपणा तळलेल्या शेवेसारख्या नूडल्सचा. खाली पाणी. थंडीत ते बरं वाटतं आणि मी ते पितोही. पण हाडांच्या रश्श्याला जिभेवर जो चिकटपणा असतो, ओठ एकमेकांना किंचित धरतात, तो कॉर्नफ्लोअर देऊ शकत नाही.

अजिनोमोटोवर माझा राग नाही. त्या सगळ्या गाडीवर अस्सल जपानी म्हणावी अशी तीच एक वस्तू. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री वनस्पतीच्या काढ्यातून ती चव वेगळी काढली आणि पुढच्याच वर्षी ती पावडर विक्रीला आली. जपानातही कित्येक रामेनवाले ती बिनदिक्कत घालतात. फक्त ती रश्श्यात घालतात, रश्श्याऐवजी नाही.

सोया सॉसची बाटली बघून मला दर वेळी हसू येतं. कापूस आणि तुरीच्या जोडीला सोयाबीन हे या जिल्ह्याचं मुख्य पीक. दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजार समित्यांच्या आवारात त्याचे ढीग लागतात. ते सगळं तेलाच्या गिरणीकडे जातं, पेंड निघते, ती जनावरांना आणि कोंबड्यांना. सोयाबीन, गहू, मीठ आणि एक विशिष्ट बुरशी यांना महिनोन्‌महिने आंबवून सॉस होतो. मिसोही आंबवलेल्या सोयाबीनचाच. रामेनचे दोन मोठे प्रकार, शोयु आणि मिसो, याच दाण्यावर उभे आहेत. शेतातून निघालेलं सोयाबीन आणि गाडीवरची बाटली यांची आपल्या जिल्ह्यात गाठच पडत नाही.

रामेनची परीक्षा करायची तर वाडग्याचे भाग सुटे करून बघावे लागतात. तळाशी ताऱे, म्हणजे मीठ-सॉसचा तीव्र अर्क. त्यावर उकळता रस्सा. वर तरंगणारं सुवासिक तेल. मग नूडल्स, आणि शेवटी मांसाचे काप, अंडं, कांद्याची पात. रस्सा आधी चाखायचा. नूडल्स लगेच खायच्या, कारण त्या काही मिनिटांत फुगतात. म्हणून तिथे फोटो काढत बसणाऱ्याची कीव करतात. भुरके मारून खाणं शिष्टसंमत आहे.

यातलं तरंगतं तेल विदर्भाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सावजी रश्श्यावरची तर्री म्हणजे दुसरं काय? नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून निघालेलं हे जेवण यवतमाळातही रुळलं आहे. पूर्वी त्याला जवसाचं तेल असे. सावजी खानावळीत मोठं पातेलं मंद आचेवर तासन्‌तास असतं, हाडातला गर रश्श्यात उतरतो, आणि वाढताना पळी आधी कुठे बुडवायची, तर्रीत की तळाशी, हे गिऱ्हाईक बघून ठरतं. रामेनवाल्याचा धंदा नेमका हाच. क्युशू बेटावरच्या कुरुमे गावात १९३७ मध्ये एका गाडीवर सुरू झालेलं तोन्कोत्सु रामेन डुकराच्या हाडांचं. हाडं रटारटा उकळून चरबी आणि पाणी असं एकजीव करतात की रस्सा दुधाळ दिसतो. डुक्कर आपल्याकडे चालायचं नाही, पण कोंबडीच्या हाडांचं आणि पायांचं तसंच दुधाळ रामेन जपानात आहे. कोंबडीचे पाय आपल्या चिकन सेंटरवर जवळजवळ फुकट मिळतात.

म्हणून माझं मत असं, की यवतमाळात चांगलं रामेन आलंच तर चायनीजच्या गाडीवरून येणार नाही, मटणाच्या खानावळीतून येईल. तिखट-मसाला पडण्याआधीचं मटणाचं पाणी ज्यानं वाटीभर पिऊन पाहिलं आहे, त्याला पटेल.

उरल्या नूडल्स. इथे खरी गंमत खाराची. रामेनचा पिवळसर रंग आणि दाताखाली येणारा ताण अंड्यामुळे नसतो, तर पिठात घातलेल्या क्षारामुळे: सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. चीनच्या उत्तरेला मंगोलियाकडच्या खाऱ्या सरोवरांतल्या सोड्याशी हे तंत्र जोडलं जातं. आपल्याकडे तसलं तळं आहे. पुसदकडून वाशीम ओलांडून पुढे गेलं की लोणार. उल्कापातानं बेसाल्टमध्ये पडलेल्या विवरातलं हे पाणी सोड्याचं. ‘आईने अकबरी’नं इथे काच आणि साबणाला लागणारा माल निघतो अशी नोंद केली आहे. आज ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीत आहे, तेव्हा तिथे वाटी घेऊन जाऊ नये. किराणा दुकानातला पापडखार पुरेसा आहे. तोही चांगला नसला तर खायचा सोडा ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर तापवावा, त्याचं कार्बोनेट होतं. शंभर ग्रॅम मैद्याला एक ग्रॅम, जास्त नको, नाहीतर साबणाची चव येते. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तसा पिठातल्या रंगद्रव्याला खार लागला की ते पिवळं पडतं. पीठ घट्ट भिजवावं, पुरीपेक्षाही घट्ट, आणि झाकून मुरू द्यावं.

लांब धागा ओढण्याचं कसब मात्र कुणाकडून उसनं आणायला नको. चैत्र-वैशाखात बन्सी गव्हाच्या सपिटाच्या हातशेवया करणाऱ्या बाया अजून जिल्ह्यात आहेत. उतरत्या पाटावर गोळा ठेवून तळव्यानं वळत वळत खाली सोडायचा, खालच्या बाईनं धागे तुटू न देता झेलायचे, मग काठीवर वाळत घालायचे. बन्सी हा कोरडवाहू गहू, पास्त्याच्या जातीचा, म्हणून धागा तुटत नाही. काडीला कणीक गुंडाळून केलेले सरगुंडेही आहेत. फक्त शेवया दुधात आणि सरगुंडे आमरसात जातात. खारट रश्श्यात पीठ शिजवायचं तर आपल्याकडे वरणफळं आणि शेंगोळे आहेत, पण त्यांना लांबी नाही.

मोमोबद्दल माझं मत कडवट आहे. गाडीवरच्या तीन-चार मजली अॅल्युमिनियमच्या भांड्यातून निघणाऱ्या मोमोचं आवरण बहुधा जाड असतं, कडेची मोड कच्ची लागते, आत कोबी आणि भरपूर मिरी. चव लाल चटणीची आणि मेयोनीजची. कुरकुरे मोमो म्हणजे तर तळलेल्या आवरणातली चटणी. ग्योझाचं आवरण पातळ लागतं आणि त्याला दोन जन्म असतात: तळ आधी तेलात धरायचा, मग पाणी घालून वर झाकण, पाणी आटलं की तळ पुन्हा कुरकुरीत. वरची बाजू मऊ, खालची कडक, एकाच घासात. लोखंडी तवा आणि खोलगट झाकण एवढंच सामान लागतं. वाफेवरची घडी आपल्याला नवी नाही; नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. मुरड घालणाऱ्या बोटांना ग्योझाच्या चुण्या सहज जमतील. मोमोवाल्यांनी उकडलेले मोमो तव्यावर एका बाजूनं जरी शेकून दिले, तरी मी पदरचे दहा रुपये जास्त देईन.

अस्सल वाडगा चाखून मग घरी प्रयोग करायचे असतील, तर आपल्या राज्यात मुंबई गाठावी. वांद्र्याचं ‘इझुमी’ रामेनसाठी नावाजलेलं आहे. शाकाहारी मराठी माणूस टोकियोला गेला तर त्यानं स्टेशनातच ‘टीज तानतान’ शोधावं, तिथे तिळाच्या कुटावरचं रामेन पूर्ण शाकाहारी मिळतं. इतरत्र भाज्यांचं म्हणून पुढ्यात आलेल्या वाडग्यात सुक्या मासळीचा काढा असू शकतो. तीळ तर आपल्या शेतात होतो. भाजून वाटलेला तीळ, सोयाबीनचं दूध आणि लाल तिखटाची तर्री, एवढ्यावर यवतमाळचं शाकाहारी रामेन उभं राहू शकेल.

मांसाहारी रामेनसाठी मी एका खानावळीत सुचवून पाहिलं. मसाला घालण्याआधीचा रस्सा वाटीत द्या, शेवया मी घरून आणतो.

“शेवया?” मालकानं पळी पातेल्यावर ठेवली. “शेवया तं दुधात टाकतात ना जी. मटनात कायले?”

“जपानात टाकतात.”

“मंग भाकर बी देऊ का संगं? नुसत्या शेवयानं पोट भरत नाही.”

रविवारी या म्हणाला, गर्दी ओसरल्यावर. शेवयांचे पैसे धरणार नाही, रश्श्याचे घेईन, आणि भाकर घ्यावीच लागेल.