मटण आणि आतड्याचा कॅन्सर



खोडव्याच्या गटसभेत खतांच्या मात्रेवर बोलणे संपत आले असता एका सभासदाने मध्येच विचारले, "साहेब, मटण खाल्ल्यानं आतड्याचा कॅन्सर होतो म्हणत्यात, ते खरं का? मग जत्रा बंद करायच्या की काय?" सगळे हसले. आम्हाला हसू आले नाही, कारण गेल्या हंगामात आमच्या थोरल्या बंधूंचे याच रोगाचे ऑपरेशन झाले. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण त्या निमित्ताने डॉक्टरांपुढे बसून जे समजून घेतले, वाचले, ते येथे देत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लियाँ येथे आहे. तेथे ऑक्टोबर २०१५ मध्ये १० देशांच्या २२ शास्त्रज्ञांनी ८०० हून अधिक अभ्यास तपासले. खारवून, धुरी देऊन किंवा रसायन घालून टिकवलेल्या मांसाने, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हॅम यांनी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो, असा पक्का निर्णय त्यांनी दिला. बोकड, मेंढी, गाय, डुक्कर यांच्या तांबड्या मांसाबद्दल 'बहुधा होतो' इतकेच म्हटले. कोंबडी व मासे या तांबड्या मांसात धरत नाहीत.

टिकवलेले मांस तंबाखूच्या पंक्तीला बसवले म्हणून तेव्हा बराच गहजब झाला. पण ती पंगत पुराव्याच्या बळावर मांडलेली आहे, धोका किती मोठा त्यावर नव्हे. तंबाखूने होणारी हानी कितीतरी मोठी. (प्रश्न विचारणाऱ्या सभासदांच्या दाढेखाली त्या वेळी बार होताच.)

रोज ५० ग्रॅम टिकवलेले मांस खाल्ल्यास धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा आकडा आहे. तो नीट समजून घ्यावा. कारखान्याचा उतारा १० असेल आणि त्यात १८ टक्के वाढ झाली, तर तो ११.८ होतो, २८ नाही! इथेही तसेच. मुळात जो धोका असतो, त्यात तेवढी भर पडते.

असे का होते? मांसाला तांबडा रंग देणाऱ्या द्रव्यात लोह असते. त्याच्यामुळे आतड्यात काही घातक संयुगे तयार होतात व आतल्या अस्तराला इजा होते. टिकवण्यासाठी घातलेले नायट्राइट त्यात भर घालते. निखाऱ्यावर करपलेल्या मांसात आणखी वेगळी विषारी द्रव्ये बनतात. रश्शात शिजलेल्या मटणाला ही करपण्याची बाधा नाही.

आठवड्याला शिजवलेले तांबडे मांस साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या वर नको, असे तज्ज्ञ सांगतात. रविवारी किलोभर मटण आणून घरची सहा-सात माणसे खातात, ते यात सहज बसते. जत्रेचे जेवणही बसते. आठवड्यातून चार वेळा धाब्यावर, आणि सोबत बाटली, हे मात्र बसत नाही; दारू स्वतःच या कॅन्सरचे एक कारण आहे. उलट ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्ये यांतील चोथ्याने धोका कमी होतो.

आता बंधूंचे सांगतो. ते माळकरी. जन्मात मटणाला शिवले नाहीत. शौचाला रक्त पडायचे, तर मूळव्याध समजून वर्षभर झाडपाला घेतला. मग "तोड संपू दे, मग बघू," असे म्हणत आणखी चार महिने घालवले. तोवर गाठ वाढली होती. वय, घराण्यात असलेला रोग, स्थूलपणा ही कारणेही असतात. शाकाहारी आहोत म्हणून सुटलो, असे नाही. रक्त पडणे, शौचाची सवय अचानक बदलणे, कारण नसताना वजन घटणे यांपैकी काही दिसले, तर मूळव्याध आहे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

सख्ख्या भावाला झाले म्हणून डॉक्टरांनी आम्हालाही दुर्बिणीची तपासणी करायला लावली. हा कॅन्सर बहुधा अस्तरावरच्या लहानशा मोडातून अनेक वर्षांत वाढतो; त्याला पॉलिप म्हणतात. आमच्या आतड्यात तसा एक निघाला, तो त्याच वेळी काढून टाकला. दुसऱ्या दिवशी आम्ही गटात हजर होतो.