स्टुटगार्टची माणसं, चाकणचे कारखाने

टाटांच्या जुन्या ट्रकवर एके काळी मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. 1954 मध्ये टाटांच्या टेल्कोने मर्सिडीज बनवणाऱ्या, जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या डाइमलर-बेंझशी 15 वर्षांचा करार केला. 1969 मध्ये तो संपला, तारा गेला. शिकलेलं तंत्र मात्र इथेच राहिलं. पुढे पुण्यात टेल्कोचा मोठा कारखाना उभा राहिला. 1994 मध्ये मर्सिडीज स्वतःच पुण्यात आली आणि 2009 पासून चाकणला तिच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. अशी नाती बहुधा सत्कार-समारंभांपुरतीच उरतात.

आता मात्र या नात्यातला प्रवाह उलटा वाहू पाहतोय. जर्मनीत म्हातारी माणसं वाढली, रुग्णालयांत परिचारिका मिळेनात, गवंडी-वायरमन मिळेनात. स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी, त्या बाडेन-वुर्टेम्बर्गने 2024 मध्ये महाराष्ट्राशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पूर्वी यंत्रं येत होती, आता माणसं जायची आहेत. अडसर एकच, पण भक्कम: जर्मन भाषा. परिचारिकेला कामाची मान्यता हवी तर साधारण बी-टू, म्हणजे सहज संवाद साधण्याइतकी पातळी गाठावीच लागते, हातात कसब कितीही असो.