नोकरी शोधण्यासाठीही पूर्वमशागत हवी



पेरणीपूर्वी आपण जमिनीची मशागत करतो, बियाण्याची उगवणशक्ती तपासतो. मुलगा किंवा मुलगी नोकरीस पाठविताना मात्र अशी तयारी क्वचितच होते. ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकायचा आणि वाट पाहायची, असा प्रघात आहे. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती. ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या जमिनीवर दोन भावांचे संसार चालणे कठीण. घरातील एकाने तरी बाहेरची मिळकत शोधावी लागते. त्यासाठी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

१. अंगी असलेल्या कामाची यादी

मुलाखतीत ‘सध्या काय करता?’ असे विचारले की आपली मुले ‘काही नाही, घरीच असतो’ असे सांगतात. हे उत्तर चुकीचे आहे. जो ठिबक संच चालवितो, विद्राव्य खताची मात्रा काढतो, ट्रॅक्टरची किरकोळ दुरुस्ती करतो, डेअरीच्या दुधाचा हिशेब ठेवतो, त्याला अनुभव आहे. रोपवाटिका, दूध संकलन केंद्र, ठिबक संचाचे विक्रेते, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना अशीच माणसे लागतात. म्हणून एका कागदावर काम, किती वर्षे केले आणि किती क्षेत्रावर किंवा किती जनावरांवर केले, हे लिहून काढावे. उदा. ‘दोन एकर डाळिंबाचे ठिबक व फवारणी, तीन वर्षे.’

२. प्रशिक्षण कोठे घ्यावे?

अ) औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) : दहावीनंतर बहुतेक व्यवसायांना प्रवेश मिळतो; काही व्यवसायांना आठवी उत्तीर्णही चालतात.

आ) शिकाऊ उमेदवारी : १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार प्रत्यक्ष कारखान्यात काम शिकता येते व विद्यावेतन मिळते. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

इ) ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था : १९८२ मध्ये कर्नाटकात धर्मस्थळाजवळील उजिरे येथे याच पद्धतीची पहिली संस्था निघाली. आता जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांमार्फत अशा संस्था चालतात. प्रशिक्षण विनामूल्य असून राहण्या-जेवणाची सोय होते. शिवणकाम, दुग्धव्यवसाय, मोबाईल दुरुस्ती असे थोड्या दिवसांचे वर्ग असल्याने घरची शेती सांभाळणाऱ्या प्रौढांना व महिलांनाही ते सोयीचे पडतात.

ई) पूर्वकौशल्याची मान्यता : वर्षानुवर्षे कलमे बांधणाऱ्या किंवा यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे हुन्नर असते, कागद नसतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अशा कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. आपल्या भागात अशी चाचणी कधी आहे, याची जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात चौकशी करावी.

उ) कृषी पदवीधर व पदविकाधारकांसाठी कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र ही योजना २००२ पासून आहे. तिचे प्रशिक्षण हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेच्या देखरेखीखाली होते.

३. कागदपत्रे व अर्ज

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास व जातीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड यांवरील नाव व जन्मतारीख एकसारखी आहे का, हे आधीच पाहावे. फरक असल्यास दुरुस्तीला वेळ लागतो आणि अर्जाची मुदत थांबत नाही. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदतही तपासावी. माहितीपत्रक एक पानी, सुवाच्य असावे. त्यात पहिल्या मुद्द्यातील कामाची यादी अवश्य घालावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावर नोंदणी मोफत करता येते.

४. मुलाखतीची तयारी

(१) जेथे जायचे तेथे कोणते काम चालते, याची आधी माहिती घ्यावी.
(२) घरच्या मोठ्या माणसांसमोर बसून आपली ओळख दोन मिनिटांत सांगण्याचा सराव करावा.
(३) येत नसेल ते ‘येत नाही, पण शिकेन’ असे स्पष्ट सांगावे.
(४) पगार, कामाचे तास, राहण्याची सोय व भविष्य निर्वाह निधी यांविषयी विचारण्यास संकोच करू नये.

५. पैसे मागणाऱ्यापासून सावध

‘इतके लाख द्या, मुलगा खात्यात चिकटवितो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नये. सरकारी भरतीत जाहिरातीत छापलेल्या परीक्षा शुल्काखेरीज कोणालाही काही द्यावे लागत नाही. नेमणूकपत्र हाती आले तरी संबंधित कार्यालयात स्वतः जाऊन खात्री करावी. परदेशी नेणारा दलाल केंद्र सरकारकडे नोंदणीकृत आहे का, ते पाहावे. मोबाईलवरून फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

बंधूंनो, पहिली नोकरी मनासारखी मिळेलच असे नाही. एक पाऊस हुकला म्हणून आपण शेत पडीक टाकत नाही. दुबार पेरणी करतो. एका नकाराने मुलगा खचला तर त्याला दूषण देऊ नये. काय कमी पडले ते त्याच्यासोबत बसून पाहावे व पुढचा अर्ज करण्यास पाठबळ द्यावे. आज रात्री जेवणानंतर वही-पेन घेऊन त्याच्या कामाची यादी त्याच्याकडून लिहून घ्यावी. सुरुवात तेथूनच होते.